बेळगाव सीमाभागातला वळीव, अतिवृष्टी आणि उकाडा: हवामान अंदाजाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूरपासून अथणीपर्यंत आणि निपाणीपासून रामदुर्गपर्यंत मार्च ते ऑक्टोबर या काळात हवामानाबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण असते. इशारा पूर्ण जिल्ह्याला मिळतो आणि नुकसान आपल्या शिवारात होतं. जिल्ह्याचा अंदाज आपल्या गावापुरता कसा वाचायचा, यावरच इथे जास्त भर आहे.

बेळगाव जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आला, तर तो कणकुंबी आणि रामदुर्ग दोन्हीकडे सारखाच समजायचा का?

मुळीच नाही. सुमारे १३,४०० चौरस किलोमीटरचा हा जिल्हा म्हणजे पावसाच्या हिशेबाने तीन वेगळे प्रदेश आहेत. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीचा घाटमाथा. इथे हंगामात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि मलप्रभा इथेच उगम पावते. मधल्या पट्ट्यात बेळगाव शहर आणि त्याच्या आसपासची गावं, जिथे वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पडतो. पूर्वेला अथणी, रायबाग, रामदुर्ग हा पर्जन्यछायेचा भाग. तिथे पाचशे-सहाशे मिलिमीटर म्हणजे बरं वर्ष.

म्हणून इशारा वाचताना पहिल्यांदा तो कशामुळे दिलाय हे बघा. जून ते ऑगस्टमधला मुसळधार पावसाचा इशारा बहुतांशी घाटमाथ्यासाठी असतो. तेव्हा अथणीत ऊन-सावलीचा खेळ चालू असेल, तरी इशारा चुकला असं होत नाही. एप्रिल-मेमधला मेघगर्जनेचा इशारा मात्र मधल्या आणि पूर्वेच्या पट्ट्याने जास्त गांभीर्याने घ्यायला हवा. उष्णतेचा इशारा पूर्वेला आधी लागू होतो. आणि दमट उकाड्याचा त्रास मधल्या पट्ट्यात तसंच कृष्णाकाठच्या उसाच्या भागात होतो. पाण्याखालचा ऊस दिवसभर हवेत बाष्प सोडत असतो, त्यामुळे रायबाग-चिकोडीकडच्या बागायती गावांत शेजारच्या कोरडवाहू गावांपेक्षा घाम जास्त येतो.

बुलेटिन बेंगळूरचं बघायचं की मुंबईचं?

आपल्या जिल्ह्यासाठी बेंगळूरचं. भारतीय हवामान विभागाच्या विभागणीत बेळगाव 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या उपविभागात येतं. कोल्हापूर-सांगली 'मध्य महाराष्ट्रात' आहेत आणि गोवा 'कोकण-गोव्यात'. मराठी वाहिन्यांवर दिसणारा नकाशा बऱ्याचदा राज्याच्या सीमेवर संपतो आणि पलीकडचं बेळगाव कोरं राहतं. कोरं म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढू नका.

तरीही सीमाभागात तिन्ही बघण्याला पर्याय नाही. चोर्ला घाटात काय होणार याचा सुगावा पणजीच्या अंदाजातून आधी लागतो. निपाणी-चिकोडीच्या नद्यांचं पाणी कोल्हापूर-सांगलीच्या धरणांकडून येतं, म्हणून तिथला अंदाज म्हणजे आपल्या पुराचा अंदाज. गावपातळीवरचा प्रत्यक्ष पाऊस बघायचा तर कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची ग्रामपंचायत पातळीवरची स्वयंचलित पर्जन्यमापकं सर्वात उपयोगी. मजकूर कन्नड किंवा इंग्रजीत असला, तरी गावाचं नाव आणि आकडा एवढं कळलं की काम भागतं.

'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी' हे शब्द अंदाजे वापरतात का?

नाही, त्यांची मापं ठरलेली आहेत. उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक', २६ ते ५० टक्के 'काही', ५१ ते ७५ टक्के 'बऱ्याच' आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. तसंच २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'मुसळधार', ११५.६ ते २०४.४ 'अति मुसळधार' आणि २०४.५ पासून पुढे 'अत्यंत मुसळधार'. त्यामुळे 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार' हे वाक्य सौम्य नाही. थोड्याच गावांत, पण मोठा पाऊस, असा त्याचा अर्थ.

रंगांचं थोडं वेगळं आहे. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. रंग ठरवताना परिणाम किती होईल आणि तो होण्याची शक्यता किती, ही दोन्ही मोजली जातात. त्यामुळे रंगावरून थेट मिलिमीटर काढता येत नाहीत.

वळीव नेमका कशामुळे येतो?

तीन गोष्टी जुळाव्या लागतात: खाली दमट हवा, वर थंड हवा आणि खालची हवा वर ढकलणारं काहीतरी. दमटपणा अरबी समुद्राकडून येतो. दुपारी समुद्रावरचा वारा घाट चढून खानापूर-बेळगावच्या पठारावर येतो. त्याच वेळी पूर्वेकडून अथणी-विजापूरच्या बाजूची कोरडी, तापलेली हवा पठारावर असते. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे कमी दाबाचा एक लांबट पट्टा वरचेवर तयार होतो. दोन दिशांचे वारे त्याच्या आसपास एकमेकांना भिडतात आणि भिडतात तिथे हवेला वर जाण्यावाचून मार्ग उरत नाही.

एवढं असूनही कित्येक दिवस ढग भरून येतात आणि विरतात. दीड ते तीन किलोमीटर उंचीवर उष्ण, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. दुपारच्या उन्हाने किंवा वाऱ्यांच्या टकरीने ते झाकण फुटलं तरच ढग बारा-चौदा किलोमीटरपर्यंत चढतो. म्हणूनच वळीव बहुधा दुपारी तीन ते रात्री आठच्या दरम्यान गाठतो.

आज वळीव होईल का, हे सकाळीच कसं ओळखायचं?

सर्वात आधी दवबिंदू बघा. सापेक्ष आर्द्रतेचा टक्का तापमानाबरोबर दिवसभर वर-खाली होतो, म्हणून तो फसवतो. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो आकडा, हवेतलं खरं बाष्प सांगतो. बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या मेटार संदेशात (विमानांसाठी निघणाऱ्या हवामान नोंदीत) तापमान आणि दवबिंदू तिरप्या रेघेने जोडून येतात, उदाहरणार्थ ३४/१९. स्थानकाची खूण व्हीओबीएम. एप्रिल-मेमध्ये बेळगावसाठी ढोबळ हिशेब असा धरा: दुपारी दवबिंदू १५ च्या खाली असेल तर ढग दिसले तरी पाऊस दुर्मीळ, १६ ते १९ असेल तर इकडे-तिकडे, आणि २० च्या वर टिकला तर तयारीत राहावं. सकाळी १९ असलेला दवबिंदू दुपारी दोनला १३ वर आला, तर वरची कोरडी हवा खाली मिसळली असं समजा. त्या दिवशीची आशा मावळली.

दुसरं, पणजीहून पहाटे साडेपाचला सुटणाऱ्या हवामान फुग्याची नोंद. ती इंटरनेटवर मोफत मिळते. पण तिचे तयार निर्देशांक बेळगावला जसेच्या तसे लावण्याची चूक फार जण करतात. पणजी समुद्रसपाटीला, बेळगाव सुमारे ७५० मीटरवर. आपल्याकडे जमिनीवरचाच दाब ९२५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे फुग्याच्या नोंदीतला ९२५ च्या पातळीखालचा, समुद्रसपाटीकडचा भाग आपल्या हवेत अस्तित्वातच नाही. तो कापून टाका, त्या जागी बेळगावचं अपेक्षित कमाल तापमान आणि दवबिंदू ठेवा, आणि मगच हवेची उसळण्याची ऊर्जा, म्हणजे केप, काढा. न कापता काढलेला आकडा किनाऱ्याच्या दमटपणामुळे फुगलेला येतो आणि रोजच वादळ दाखवतो.

कागदावर करता येण्याजोगा हिशेब म्हणजे के-निर्देशांक. वर जावं तसा हवेचा दाब घटतो, म्हणून इथे उंची दाबाने सांगतात. ८५० हेक्टोपास्कलच्या पातळीचं तापमान वजा ५०० च्या पातळीचं तापमान, त्यात ८५० चा दवबिंदू मिळवायचा आणि ७०० च्या पातळीवरचा तापमान-दवबिंदू फरक वजा करायचा. समजा ८५० ला तापमान २४, दवबिंदू १५. ७०० ला तापमान १०, दवबिंदू ३. ५०० ला उणे ६. मग २४ + ६ + १५ − ७ = ३८. पस्तिशीच्या वर गेला की मेघगर्जनेची शक्यता चांगली. पण हा निर्देशांक झाकण किती घट्ट आहे ते सांगत नाही, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

तिसरी खूण डोळ्यांची. सकाळी नऊ-दहालाच आकाशात बुरुजांसारखे कंगोरे असलेले मधल्या उंचीचे ढगांचे पुंजके दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे. दुपारी बाराच्या सुमारास घाटाच्या कडेला कापसासारखे ढग धरू लागले आणि त्यांची उंची रुंदीपेक्षा जास्त झाली, तर झाकण सैल होत चाललंय.

वारा पश्चिमेचा आणि वळीव पूर्वेकडून चालून येतो, हे कसं?

ढगाला नेतो तो तीन ते सहा किलोमीटर उंचीवरचा वारा. अंगाला लागतो तो जमिनीवरचा. दोघांच्या दिशा वळवाच्या दिवसांत बऱ्याचदा उलट असतात. म्हणून ढग कुठे निघालाय हे झाडाच्या पानांवरून ठरवू नका. उपग्रहाच्या किंवा रडारच्या लागोपाठच्या दोन-तीन चित्रांवरून ठरवा.

रडारवर लाल ठिपका आपल्या गावावर होता, तरी थेंबही पडला नाही. का?

आपल्याला मुख्यतः गोव्याचं डॉप्लर रडार उपयोगी पडतं. त्याचा किरण अर्धा अंश वर धरलेला असतो आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच होत जातो. बेळगाव शहर सरळ रेषेत साधारण ८५ किलोमीटरवर आहे. तिथे किरण समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर, म्हणजे शहराच्या डोक्यावर तीन-चारशे मीटर असतो. अथणी १९० किलोमीटरवर. तिथे किरण पावणेचार किलोमीटर उंचीवरून जातो. त्या उंचीवर असलेला पाऊस एप्रिलच्या कोरड्या हवेत जमिनीला टेकण्याआधीच सुकून जाऊ शकतो. उलटंही घडतं. मान्सूनमधले बुटके ढग अथणीच्या बाजूला किरणाच्या खालीच राहतात आणि रडार कोरडं दिसतं. मध्ये सह्याद्रीचा माथा असल्यामुळे सर्वात खालचा किरण काही दिशांना अडतोसुद्धा.

त्यात 'मॅक्स-झेड' नावाचं चित्र कुठल्याही उंचीवरचं सर्वाधिक मूल्य दाखवतं. शक्य असेल तेव्हा त्याऐवजी खालच्या कोनाचं चित्र उघडा. आकड्यांचा अंदाज असा: ४० डीबीझेड (रडारला परत मिळणाऱ्या प्रतिबिंबाच्या तीव्रतेचं माप) म्हणजे ताशी साधारण १२ मिलिमीटर, ५० म्हणजे ताशी ५० च्या आसपास. ५५ च्या पुढे गेलं की गारा मिसळल्याचा संशय घ्यावा.

कधी नुसता वारा सुटून पत्रे उडतात आणि पाऊस नाममात्र, कधी वारा कमी आणि पाऊस भरपूर. हे आधी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं, आणि हिशेब सोपा आहे. दुपारचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५. आलेला आकडा म्हणजे ढगाच्या तळाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये.

एप्रिलच्या मध्यात तापमान ३६ आणि दवबिंदू १८ असेल तर तळ २,२५० मीटरवर. एवढ्या उंचीवरून पडणारा थेंब वाटेतल्या कोरड्या हवेत सुकतो, सुकताना ती हवा गार होते, गार हवा जड होऊन धाडकन खाली आदळते आणि चहूबाजूंना पसरते. सोसाट्याचा वारा, धूळ, मोडलेल्या फांद्या, वाकलेले विजेचे खांब हा सगळा त्याचा परिणाम. मेच्या अखेरीला तापमान ३२ आणि दवबिंदू २२ असेल तर तळ १,२५० मीटरवर. आता सुकायला अंतर कमी, म्हणून वारा मवाळ आणि पाऊस जास्त.

यावरून कामं ठरवा. तळ उंच असलेल्या दिवशी पत्र्याची शेड, मांडव, केळी यांची काळजी आधी. तळ खाली असलेल्या दिवशी वीटभट्टीवरच्या कच्च्या विटा, वाळत घातलेली मिरची, काजू आणि पिंजराची (पेंढ्याची) गंजी आधी झाका. कच्ची वीट एकदा पाण्याने विरघळली की पुन्हा चिखलच मळावा लागतो. ताडपत्री दुपारी दोनच्या आधी भट्टीवर हवी.

गारपीट कधी संभवते?

मार्च-एप्रिलमध्ये जास्त, कारण तेव्हा वरची हवा जास्त थंड असते. द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेडमुळे अथणीकडे तिची धास्ती मोठी. शून्य अंशाची पातळी आपल्याकडे साडेचार-पाच किलोमीटरवर असते. त्याच्या खूप वर, सात-आठ किलोमीटरवर रडारचं तीव्र प्रतिबिंब टिकून राहिलं तर गारा बनत आहेत असं समजावं. हा इशारा हाती येतो तेव्हा वेळ अर्ध्या तासाचीच असते. बागेवर जाळी अंथरायची असेल तर ती आधीच बांधून, गुंडाळून ठेवलेली हवी.

वीज किती दूर आहे हे कसं मोजायचं?

लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, किलोमीटर मिळतील. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, शेतातून निघा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं परत जाऊ नका. ढग पुढे सरकल्यावर, पाऊस थांबून ऊन पडल्यावरसुद्धा मागच्या कडेची वीज पडते आणि माणसं बहुतेक वेळा तेव्हाच झाडाखालून बाहेर पडून कामाला लागलेली असतात.

'दामिनी' हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ॲप आणि कर्नाटकचं 'सिडिलू' ही दोन्ही मोबाईलवर ठेवावीत. आसरा पक्क्या घराचा किंवा काचा बंद केलेल्या चारचाकीचा. उघडा ट्रॅक्टर, बांधावरचं एकटं झाड, चार खांबांवरचं पत्र्याचं छप्पर हे आसरे नव्हेत. काहीच जवळ नसेल तर एकमेकांपासून लांब होऊन, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर धक्का बसतो हा समज चुकीचा आहे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा.

मोबाईल ॲप दुपारी बाराला पाऊस दाखवतं, येतो पाचला. असं का?

ॲपमधला अंदाज संगणकावरच्या हवामान मॉडेलांमधून येतो आणि जगभरच्या बऱ्याच मॉडेलांचा हा जुना दोष आहे. नऊ-बारा किलोमीटरच्या चौकटीत एकेक ढग मावत नाही, म्हणून ढगांचा परिणाम सूत्राने घातला जातो आणि ते सूत्र दुपारच्या उन्हाबरोबर फार लवकर पाऊस पाडतं. झाकणाचा अडसर त्याला नीट कळत नाही. शिवाय अशा चौकटीत घाटाचा कडा गुळगुळीत होतो. जांबोटी आणि खानापूर गाव यांच्या पावसातला फरक मॉडेलमध्ये जवळजवळ पुसला जातो. २६ मे २०२५ पासून हवामान विभाग सहा किलोमीटर चौकटीची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' वापरू लागला आहे. घाटाजवळच्या गावांसाठी बारीक चौकट केव्हाही चांगली.

वळवासाठी ॲपमधला तास सोडून द्या, दिवस तेवढा धरा. आणि तीन तासांचा तात्काळ अंदाज आला की आधीचं सगळं बाजूला ठेवा.

मृगात एक मोठा पाऊस झाला. मान्सून आला समजून पेरायचं का?

थांबा. तो वळीव असू शकतो. वळीव दुपारनंतर, गडगडाटासह, तास-दीड तासात आटोपतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन तापतं. मान्सून आल्यावर पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा रात्रीसुद्धा थांबत नाही, घाटाकडून करडे बुटके ढग पळत येतात, गडगडाट कमी होतो, पहाटेही सरी पडतात आणि बेळगावात दिवसाचं तापमान तिशीच्या खाली येऊन तिथेच राहतं. तीन-चार दिवस हे टिकलं तर भरवसा ठेवावा.

सोयाबीनसारखं पीक ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नये. भाताच्या धूळवाफ पेरणीचं गणित वेगळं. तिथे उलट, पेरणी होईपर्यंत जमीन कोरडी हवी. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून केरळच्या आगमनाची तारीख आणि अरबी समुद्रातल्या कमी दाबावर नजर असू द्या. २०२५ मध्ये मान्सून २४ मेलाच केरळात पोचला होता आणि रोहिणीचा मुहूर्त धरणाऱ्यांना अशा वर्षी उसंत मिळत नाही.

नक्षत्रांवरून अंदाज बांधणं चूक आहे का?

नक्षत्रं सूर्याच्या स्थानावरून ठरतात, त्यामुळे त्यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच असतात. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २२ जूनच्या आसपास, मग तरणा (पुनर्वसू), म्हातारा (पुष्य). हंगामाचं सरासरी वेळापत्रक म्हणून ती उत्तम आहेत आणि शेतीची भाषा त्यांच्यातच चालते. यंदाच्या आर्द्रात किती पडेल हे मात्र त्यांच्यातून निघत नाही. पंचांगात नक्षत्राचं वाहन कोल्हा दिलंय की म्हैस, यावरून तर अजिबात नाही.

घाटमाथ्यावर अतिवृष्टी होणार, हे दोन-तीन दिवस आधी कशावरून कळतं?

चार खुणा एकत्र बघा. दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा ठळक आहे का. बंगालच्या उपसागरात तयार झालेला कमी दाब ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेला सरकतोय का. दीड किलोमीटर उंचीवर, म्हणजे ८५० हेक्टोपास्कलला, समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे आहे का आणि घाटाला काटकोनात आदळतोय का. आणि हवेच्या उभ्या स्तंभातलं एकूण बाष्प ६० मिलिमीटरच्या वर आहे का.

चारही असतील तर आंबोली, चोर्ला, कणकुंबी या पट्ट्यात २०० मिलिमीटरचा दिवस शक्य आहे. वारा जितका जोरकस तितका पाऊस कडा ओलांडून खानापूर-बेळगावपर्यंत आत ढकलला जातो. वारा ढिला असेल तर तो किनाऱ्यावरच सांडतो. बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरतं, ते बहुधा अशा सलग दोन-तीन दिवसांच्या जोरानंतर. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तीन दिवसांची बेरीज तिथे जास्त बोलकी.

मान्सूनचा मुख्य पट्टा हिमालयाच्या पायथ्याला सरकला की आपल्याकडे खंड पडतो. त्या काळात पूर्वेच्या तालुक्यांत दुपारनंतर वळवासारखा गडगडाटी पाऊस होऊ शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

ढगफुटी झाली असं सरसकट म्हणतात. खरी ढगफुटी कोणती?

वीस-तीस चौरस किलोमीटरच्या भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त. दिवसभरात २०० मिलिमीटर पडला तर ती अतिवृष्टी.

निपाणी-चिकोडीत ऊन आहे, तरी पूर का येतो?

कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा तिघींचं पाणलोट क्षेत्र वर महाराष्ट्रात आहे. आपल्या डोक्यावर ढग नसताना राधानगरी-कोयनेच्या बाजूला दोन दिवस कोसळलेला पाऊस इथे पोचतो. म्हणून इथे पावसाच्या इशाऱ्यापेक्षा विसर्गाचे आकडे महत्त्वाचे: शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेत किती, त्यात दूधगंगेचं किती, आणि कल्लोळजवळ एकूण किती. उदाहरणार्थ राजापूरला १,००,००० आणि दूधगंगेत २५,००० क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी) असेल तर खाली १,२५,००० धरा. आकडा एकटा पाहू नका. सहा-सहा तासांनी तो वाढतोय की स्थिरावतोय हे बघा. जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर यांसारखे कमी उंचीचे पूल-बंधारे आधी पाण्याखाली जातात, तेव्हा जनावरं, मोटारी आणि पंपाचे स्टार्टर त्याआधीच हलवलेले हवेत.

गोकाकचं गणित आणखी अवघड. हिरण्यकेशी आणि मार्कंडेय या नद्या घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या खाली घटप्रभेला मिळतात. हिडकलचा विसर्ग कमी असला म्हणून निश्चिंत राहता येत नाही. आंबोलीत झोडपलं की हिरण्यकेशी संकेश्वरवरून थेट येते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा तिन्ही खोरी एकाच वेळी भरली होती.

टीएमसी (एक अब्ज घनफूट, धरणसाठ्याचं माप) आणि क्युसेकची सांगड: ११,५७४ क्युसेक पाणी २४ तास वाहिलं की एक टीएमसी होतं.

अथणीत ४० अंश आणि बेळगावात ३४, तरी बेळगावात जास्त उकडतं. हा भास आहे का?

भास नाही. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला जाणवणारी उष्णता साधारण ३९ अंशांएवढी. ३४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असेल तर ती ४० च्या आसपास. कोरड्या हवेत घाम चटकन सुकून अंग गार करतो, दमट हवेत तो नुसताच ओघळतो. याच कारणाने वाळ्याचा किंवा पाण्याचा कूलर अथणीत छान चालतो आणि मेअखेरीस बेळगावात खोली आणखी चिकट करतो. तेव्हा कूलरचं पाणी बंद करून खिडक्या उघडा, नुसता पंखा चालू द्या.

सावलीतले हे आकडे आहेत. उन्हात राबणाऱ्याला ते आणखी काही अंशांनी वाढवून धरावे लागतात, आणि अथणीच्या उन्हात पाणी किती घामावाटे गेलं ते अंग कोरडं राहिल्यामुळे कळतही नाही.

घरच्या घरी दमट उष्णता मोजता येते का?

येते. दोन सारखे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला पातळ मलमल गुंडाळून साध्या पाण्याने भिजवा, सावलीत टांगा आणि तीन-चार मिनिटं पंखा मारा. आकडा उतरायचा थांबला की वाचा. वरच्या उदाहरणात अथणीचा ओला आकडा साधारण २२-२३ येईल, बेळगावचा २६-२७. ओला आकडा २८ च्या पुढे गेला तर ऊसतोड, बांधकाम, भट्टीचं काम सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर करावं. कापड मळलेलं किंवा अर्धवट सुकलेलं असेल तर आकडा जास्त येतो, त्यासाठी दर आठवड्याला बदला.

तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की घरचं जलसंजीवनी तयार. कामावरचा माणूस बरळू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत वारा घाला, १०८ ला कळवा. शुद्धीवर नसताना तोंडात पाणी ओतू नका.

उष्णतेची लाट कधी जाहीर होते?

सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त असावं लागतं, किंवा थेट ४५ गाठावं लागतं. उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. एप्रिलमध्ये बेळगावची सरासरी ३५-३६ च्या आसपास असल्याने शहर या निकषात क्वचितच बसतं. लाट जाहीर झाली नाही एवढ्यावर उकाडा निर्धोक ठरत नाही.

ऑक्टोबरमध्ये भातकापणीच्या वेळी पुन्हा गडगडाट का?

मान्सून परतताना वारे पुन्हा दिशा बदलतात, जमिनीत ओल भरपूर असते आणि ऊन तापतं. हस्त-चित्रातला पाऊस वळवासारखाच दुपारनंतर येतो, पण दवबिंदू २० च्या आसपास असल्यामुळे त्यात पाणी जास्त. कापणी सलग तीन कोरड्या दिवसांचा अंदाज बघून करा आणि कापलेलं भात दुपारी तीनपूर्वी गोळा करून उंचवट्यावर रचा. पूर्वेचा कोरडा वारा स्थिरावून सकाळचा दवबिंदू १६ च्या खाली आला, की मळणीला मोकळीक.

स्वतःच्या शेतात पाऊस मोजायचा सोपा मार्ग कोणता?

१६ सेंटीमीटर व्यासाचं नरसाळं बाटलीवर घट्ट बसवा. तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटीमीटर होतं, म्हणजे बाटलीत जमलेलं दर २० मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. औषधाच्या मापाने मोजलं तरी चालतं. कड जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंच ठेवा आणि झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर बसवा. पत्र्याच्या पन्हाळीखाली ठेवलेलं माप काही कामाचं नाही. मोठ्या पावसाच्या दिवशी दोन लिटरची बाटली शंभर मिलिमीटरला भरते, म्हणून जुलैत पाच लिटरचा कॅन लावा.

नोंद रोज सकाळी साडेआठला घ्या, कारण सरकारी आकडाही साडेआठ ते साडेआठचा असतो. आज वाचलेला पाऊस म्हणजे कालच्या साडेआठपासूनचा. वहीत तीन रकाने पुरतात: पडलेला पाऊस, आदल्या दिवशीचा इशारा, आणि पाऊस वळवाचा की झडीचा. दोन हंगामांची वही झाली की आपल्या गावासाठी यलो अलर्ट कितीदा खरा ठरतो हे मोजून सांगता येतं, आणि ते कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही.